धातूच्या बोटापासून पाच किलोंच्या घणापर्यंत

विजेच्या मोटारींचे चार्जर आता उन्हापावसात, रस्त्याच्या कडेला, उघड्यावर उभे राहू लागले आहेत. त्यांच्या अंगावरील पट्टीवर ‘आयपी ५४’, ‘आयके १०’ अशी जी त्रोटक अक्षरे छापलेली असतात, त्यांचे कूळ शोधू गेले असता आधी भेटतो तो पाऊस नव्हे, तर मनुष्याचे बोट.

विद्युत्-यंत्रांच्या आवरणाचा दर्जा अक्षरांनी व आकड्यांनी सांगण्याचा शिरस्ता ‘डीआयएन ४००५०’ या जर्मन मानकात होता. तेथे ‘पी ३३’ अशा खुणा असत. पुढे आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने १९७६ साली आपल्या ५२९ क्रमांकाच्या मानकाने त्या पद्धतीला जगन्मान्य रूप दिले. ‘आयपी’ म्हणजे ‘इन्ग्रेस प्रोटेक्शन’ असे बाजारात सर्रास सांगतात. मूळ दप्तरी नोंद मात्र ‘इंटरनॅशनल प्रोटेक्शन’ अशी आहे.

पहिला आकडा स्पर्शाचा आणि धुळीचा. त्यात ‘२’ हा दर्जा मिळण्यासाठी १२ मिलिमीटर जाडीचे, ८० मिलिमीटर लांबीचे, माणसाच्या बोटाप्रमाणे पेरांत वाकणारे धातूचे बोट आवरणाच्या फटीफटींत घालून पाहतात, आणि वीज वाहणाऱ्या भागापासून ते सुरक्षित अंतरावर राहिले तरच पेटी उत्तीर्ण होते. कुणा अजाण मुलाची जिज्ञासा आधीच कल्पून तिच्यासाठी असे बोट घडवावे, यात मला या साऱ्या रुक्ष मानकाचे अंतःकरण दिसते. धुळीच्या परीक्षेत ७५ मायक्रोमीटरच्या चाळणीतून वस्त्रगाळ केलेली शंखजिऱ्याची भुकटी बंद कक्षात उधळतात; ‘५’ला किंचित धूळ आत गेलेली चालते, मात्र तिने यंत्राच्या कामात अडथळा येता कामा नये, आणि ‘६’ला कणमात्रही चालत नाही.

दुसरा आकडा पाण्याचा. ‘४’ म्हणजे चहूकडून उडणारे पाणी, ‘५’ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर वेगाने येणारी धार, ‘७’ म्हणजे तात्पुरते बुडणे. परंतु बुडण्याची परीक्षा दिलेली पेटी धार सोसेलच असे हे मानक मानत नाही, कारण प्रत्येक आकडा केवळ त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो.

आघाताची कथा निराळी आहे. फ्रान्समध्ये ‘आयपी’पुढे तिसरा आकडा लिहून धक्क्याचे माप सांगत, तो आकडा मूळ कुटुंबातून विभक्त होऊन १९९५ च्या युरोपीय मानकात आणि २००२ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘आयके’ या नावाने स्वतंत्र नांदू लागला. ‘आयके १०’ म्हणजे २० ज्यूल, अर्थात ५ किलोंचे वजन ४० सेंटिमीटरवरून पडल्याचा तडाखा. आपल्याकडे २०१७ च्या ‘भारत ईव्ही चार्जर’ तपशिलात ‘आयपी ५४’ची अट आहे, आणि आघातासाठी हेच वजन व हीच उंची स्पष्ट नमूद आहे.

या परीक्षांतले पाणी मात्र गोडे असते, आणि गंजाचा प्रश्न ‘आयपी’च्या अखत्यारीत येतच नाही, म्हणून मालवणच्या किनाऱ्यावर चार्जर उभारणाऱ्याने पट्टीवरचे आकडे वाचून झाल्यावर खाऱ्या फवाऱ्याच्या परीक्षेचा दाखला निराळा मागून घ्यावा.