आठ गुणांची चढाई आणि साखळीतले हात

अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलचा सर्वांत मोठा क्षण कोणता, यावर कित्येक वर्षे वाद चालू आहे. जुनी माणसे २ मार्च १९६२ चे नाव घेतात. त्या रात्री विल्ट चेंबरलेनने एकट्याने १०० गुण काढले. मधली पिढी १४ जून १९९८ वर अडून बसते. सामना संपायला पाच सेकंद उरले असताना मायकेल जॉर्डनने टाकलेल्या चेंडूने शिकागोला विजेतेपद मिळाले. तरुणांना २०१६ च्या अंतिम सामन्यात लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन अडवलेला चेंडू आठवतो. वाद मिटत नाही, कारण प्रत्येकाच्या हातातले माप वेगळे असते.

घाटंजीच्या चहाच्या टपरीवर जॉर्डनचे नाव काढले तर फारसे कोणी थांबणार नाही. कबड्डीचे काढा, दुसरा चहा सांगावा लागतो. म्हणून हाच प्रश्न मी आपल्या खेळाला विचारतो: व्यावसायिक कबड्डीचा आजवरचा सर्वांत मोठा क्षण कोणता?

आधी ‘व्यावसायिक’ या शब्दाचा हिशेब करू. कबड्डी जुनी, पण तिच्यातला पैसा नवा. आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. त्यांत आपला हुतूतूही होता. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण भारताने घेतले. इतके होऊनही देशाच्या कबड्डी महासंघाच्या नावात ‘हौशी’ हाच शब्द होता. खेळाडूचे खरे बक्षीस म्हणजे रेल्वेत, पोलिसांत, बँकेत किंवा एखाद्या तेल कंपनीत मिळालेली नोकरी. नोकरी लागली की घरचे म्हणत, खेळाचे सार्थक झाले. ज्याला ती लागली नाही, तो परत वावरात.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. यू मुंबाने जयपूरला ४५-३१ असे हरवले. त्या वर्षीच्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार होता, किंमत १२ लाख ८० हजार. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, मोनू गोयतवर १ कोटी ५१ लाखांची बोली लागली. कबड्डीवर पोट भरू शकते हे पहिल्यांदा आकड्यांत दिसले. माझ्या वादाची हद्द इथून सुरू होते.

आता उमेदवार पाहू.

पहिला उमेदवार परदीप नरवाल. २०१७ च्या बाद फेरीत पाटण्याच्या या चढाईपटूने हरियाणाविरुद्ध एकाच चढाईत आठ गुण आणले. समोर सहा जण होते, सहाही बाद. लोणाचे दोन गुण वेगळे. त्या सामन्यात त्याचे चढाईचे एकूण ३४ गुण झाले आणि पाटण्याने ६९-३० असा सामना खाल्ला. आमच्याकडे हा विषय निघाला की एक जण हमखास म्हणतो, “एका दमात आठ, भाऊ! आता याच्यापुढं काय सांगतं?”

सांगण्यासारखे आहे. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, पवन सेहरावतने त्याच हरियाणाविरुद्ध एका सामन्यात ३९ गुण काढले आणि ३४ चा विक्रम मागे पडला. विक्रमाचा स्वभावच तो. चेंबरलेनचे १०० अजून टिकले आहेत, हे खरे. पण त्या सामन्याचे चित्रण कोणाकडे नाही. ‘१००’ लिहिलेला कागद हातात धरलेला चेंबरलेनचा एक फोटो तेवढा जगभर फिरतो. परदीपची चढाई मात्र प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. म्हणजे आपण क्षण निवडतो तेव्हा जे कॅमेऱ्यात सापडले त्यातूनच निवडतो. कापूस घरात आल्यावर आमच्या खेड्यापाड्यांत हॅलोजनच्या उजेडात, मातीवर, गुडघे सोलून घेत जे खेळले, त्यांच्या आठ गुणांच्या चढाया कोणी मोजल्या? म्हणून केवळ आकड्याला मी पहिला नंबर देत नाही.

दुसरा उमेदवार पुन्हा पवनच. ५ जानेवारी २०१९, मुंबई, अंतिम सामना. मध्यंतराला बंगळुरू गुजरातच्या मागे होते. पवनने एकट्याने २२ गुण आणले आणि सामना ३८-३३ असा फिरवला. इथे विक्रमाला चषकाचीही जोड आहे. जॉर्डनवाल्यांचे माप लावले तर हाच क्षण पहिला येईल. पण मी त्या मापावरही थांबत नाही. अंतिम सामना दर हंगामात होतो आणि दर हंगामात कोणीतरी तो फिरवतो.

माझे माप असे: ज्या क्षणानंतर खेळ पूर्वीसारखा राहिला नाही, तो मोठा.

हे माप लावले की आधी एक पराभव समोर येतो. २३ ऑगस्ट २०१८, जकार्ता. आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरवले आणि १९९० पासूनची सुवर्णाची मालिका तुटली. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला २७-२४ असे हरवले. त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन.

बास्केटबॉलवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. २००२ मध्ये इंडियानापोलिसला, म्हणजे अमेरिकेच्या घरातच, अर्जेंटिनाने अमेरिकेच्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघाला ८७-८० असे हरवले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पुन्हा हरवले आणि सुवर्णही नेले. त्या संघाचा मानू जिनोबिली तोवर अमेरिकेतल्याच सॅन अँटोनिओकडून खेळत होता. ज्यांना तुम्ही घरात घेता, शिकवता, पगार देता, ते एक दिवस तुम्हाला हरवतात. खेळाच्या बाबतीत याला कृतघ्नता म्हणत नाहीत, याला खेळ पसरणे म्हणतात.

आपल्याकडेही तेच झाले. पहिल्या हंगामापासून संघांत परदेशी खेळाडूंना जागा होती. इराणचा फझल अत्राचली २०१५ मध्ये विजेत्या यू मुंबात होता. २०१८ च्या लिलावात मुंबईनेच त्याच्यासाठी १ कोटी मोजले आणि नंतर कर्णधारपदही दिले. मुंबईचे प्रेक्षक ‘फझल, फझल’ ओरडत होते. त्याच वर्षी जकार्तात भारताला रोखणाऱ्या इराणी बचावात तोच फझल होता.

आता मी माझ्या निवडीकडे येतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊत आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना पुन्हा भारत विरुद्ध इराण असाच होता. २८-२८ अशी बरोबरी असताना पवनच्या एका चढाईवरून वाद पेटला. पंचांचे निर्णय फिरत राहिले, दोन्ही संघ मैदानात बसले, सामना जवळजवळ तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. त्या भारतीय संघात नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार होता आणि समोरच्या संघात मोहम्मदरझा शादलूई.

दोन दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला. पुणेरी पलटणने शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. हांगझोऊच्या वादाची धूळ अजून खाली बसली नव्हती. आणि त्या हंगामात पुण्याचा कर्णधार होता अस्लम इनामदार.

१ मार्च २०२४, हैदराबाद. पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. तो काही गुणांचा पाऊस नव्हता, बचावाने जिंकलेला सामना होता. त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला शादलूई, पकडीचे ९९ गुण. सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला अस्लम. पाच महिन्यांपूर्वी जे एकमेकांसमोर उभे होते, ते एकाच साखळीत हात धरून उभे राहिले. चषक पुण्याला आला. माझ्या लेखी व्यावसायिक कबड्डीचा सर्वांत मोठा क्षण हाच.

कारण सांगतो. अस्लमचे वडील तो लहान असताना गेले, आईने कष्ट करून मुले वाढवली. अशा घरातल्या मुलाला पूर्वी खेळातून फार तर नोकरी मिळाली असती. आता त्याच्या हातात एका शहराची इभ्रत दिली गेली आणि ती देताना त्याचे गुण पाहिले गेले. इनामदार हे आडनाव महाराष्ट्रात हिंदूंतही आहे, मुसलमानांतही आहे. पुण्याच्या प्रेक्षकांनी त्या आडनावामागचा धर्म विचारला नाही. तिसऱ्या चढाईला कोण जातो, एवढेच त्यांना पाहायचे होते.

आमच्या वस्तीतल्या मुलांना लहानपणापासून एक प्रश्न ठाऊक असतो: सामना असला की तू कोणाच्या बाजूने? विचारणारा हसत विचारतो, पण उत्तराकडे नीट लक्ष ठेवून असतो. क्रिकेटने हा प्रश्न वर्षानुवर्षे जिवंत ठेवला. व्यावसायिक कबड्डीने, तिच्या मालकांच्या मनात तसे काही नसतानाही, तो बराचसा निकामी केला. मुंबईचा माणूस इराण्यासाठी घसा फोडतो, पुण्याचा माणूस कालच्या प्रतिस्पर्ध्यावर कोटी उधळतो, तिथे ‘आपला’ आणि ‘परका’ यांची मध्यरेषा दर लिलावात नव्याने आखली जाते. हांगझोऊत शादलूई हरावा असे वाटणे आणि हैदराबादेत तो जिंकावा असे वाटणे, यात कसलाही विरोध नाही. हे आमच्या पोरांना कोणी भाषणातून पटवले नाही, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले.

माझ्याशी वाद घालणारे म्हणतील, हा सगळा पैशाचा खेळ आहे, त्यात बंधुभाव कुठला? बरोबर आहे. लिलावात माणसावर बोली लागते, हंगाम पडला की संघ हात झटकतो. शादलूईही पुढच्या हंगामात पुण्याचा राहिला नाही. पैसा सगळ्यांपर्यंत पोचलेला नाही, हेही खरे. २०१६ मध्ये महिलांसाठी तीन संघांची स्पर्धा घेतली गेली. तिचा अंतिम सामना २४-२३ असा एका गुणाने सुटला. इतका चुरशीचा सामना, पण कोणाच्या यादीत त्याचे नाव नसते, आणि ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. जकार्तातल्या इराणी मुलींना घडवणारी बाई आपल्या महाराष्ट्रातली होती, हेही किती जणांना माहीत आहे?

म्हणून माझी निवड आजच्यापुरती आहे. मुलींची लीग उभी राहिली आणि टिकली, तर तिचा पहिला दिवस मी १ मार्च २०२४ च्या वर लिहीन. तोवर कोणी आठ गुणांची चढाई मोबाईलवर दाखवली, तर जरूर पाहा, टाळीही द्या. मग त्याला पुण्याच्या त्या साखळीबद्दल विचारा. चहा माझ्याकडून.