हेड उतरवल्यावरचा प्रश्न

भोसरीत मी गॅरेज टाकलं तेव्हा हेड गॅस्केट उडालेल्या गाड्या बऱ्याचदा बोरघाटानेच धाडलेल्या असत. द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला. त्याआधी खोपोलीहून खंडाळ्याचा चढ ट्रकच्या रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरात रेटायचा. पाणी उकळे, तरी ड्रायव्हर ‘आलंच लोणावळा’ म्हणत गाडी हाणायचा. आमच्या दारात येईपर्यंत डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं, आणि रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं की बुडबुडे.

निदान सोपं. डोकं खायचा तो पुढचा प्रश्न: नुसतं गॅस्केट बदलायचं, हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला द्यायचं, की इंजिन पूर्ण खोलायचं? मालकाला पहिलं हवं असतं, ते स्वस्त म्हणून. पण ज्या उष्णतेनं गॅस्केट जळतं तीच हेड वाकवते. म्हणून हेडवर सरळपट्टी आडवी, उभी, तिरपी धरायची आणि खालून फिलर गेजची दोन थाऊची, म्हणजे 50 मायक्रॉनची पत्ती सारून बघायची. गेली, तर हेड मशीनवर.

आणि मशीन इथे गल्लीत होतं. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, साठच्याच दशकात आकुर्डीत बजाज टेम्पो आणि पिंपरीत टेल्को. त्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉप भोसरीत निघाली. कंपनीची ऑर्डर सैल असली की त्यांच्या सरफेस ग्राइंडरवर आमची हेडं चढायची. तालुक्याच्या गावचा मेकॅनिक हेड एसटीत घालून वाट बघत बसे. आमचं सकाळी उतरवलेलं हेड संध्याकाळी परत. फेसिंग ही इथली सवयच झाली ती त्यामुळे. शेलॅक फासून जुनंच गॅस्केट दाबणारे महाभाग इथेही होते म्हणा.

बजाज टेम्पोचं ओएम 616, मर्सिडीजच्या परवान्यावरचं 2.4 लिटरचं डिझेल, बिडाच्या हेडाचं. ते सहसा वाकत नसे. पुढे ॲल्युमिनियमची हेडं आली आणि दुखणं वाढलं, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. शिवाय कितीही घासता येत नाही: डिझेलमध्ये हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडण्याची भीती. बऱ्याच डिझेल इंजिनांची गॅस्केटं म्हणूनच वेगवेगळ्या जाडीची मिळतात. कडेच्या खाचा मोजून घ्यायची.

तांब्याच्या पत्र्यातलं जुनं अस्बेस्टॉसचं गॅस्केट थोडं खडबडीत हेड सांभाळून घ्यायचं. पोलादी थरांचं आताचं गॅस्केट घेत नाही. त्याला आरशासारखा पृष्ठभाग लागतो. बोल्टही अनेक इंजिनांत एकदाच वापरायचे, आधी टॉर्क, मग अंशात फिरवून कसायचे. 2009 साली चाकणला फोक्सवॅगन आली, मर्सिडीजही पिंपरीतून तिकडेच गेली, पुढच्या वर्षी महिंद्रा. त्यानंतर माझ्याकडे येणारी आयटीआयची पोरं हे शिकूनच येतात. मला ते वयाच्या मध्यावर शिकावं लागलं.

हेड तडकलं असेल तर जुनं शोधायला आम्ही कुदळवाडीच्या भंगारात जायचो. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली हजारो बांधकामं पाडली. जुन्या हेडची ती वाट बंद झाली, म्हणून आता मी आधी आरसीवरची नोंदणीची तारीख बघतो. नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली असतील आणि हेड शाबूत असेल, तर फेसिंग, जाड गॅस्केट, नवे बोल्ट. तडकलं असेल, तर नव्या हेडचा भाव सांगण्याआधी मालकाला विचारतो, गाडी विकली तर किती येतील?