जनतेच्या शोधात निघालेली पिढी

१८७४ च्या उन्हाळ्यात रशियातील शेकडो सुशिक्षित तरुण-तरुणींनी शहरी पोशाख उतरवला, शेतकऱ्यांचे जाडेभरडे कपडे अंगावर चढविले आणि ती खेड्यांची वाट चालू लागली. १८६१ मध्ये भूदासांना मुक्ती मिळाली होती खरी. परंतु पदरी आलेल्या जमिनीपोटी ४९ वर्षांच्या हप्त्यांचे जोखडही त्यांच्या मानेवर आले. आपले शिक्षण या कष्टकऱ्यांच्या घामावर झाले असून ते ऋण फेडलेच पाहिजे, हा प्योत्र लाव्रोव यांचा विचार या पिढीच्या मनात भिनला होता. ‘नारोद’ म्हणजे जनता. म्हणून हे ‘नारोदनिक’.

तोफखान्यातील माजी अधिकारी सेर्गेई क्रावचिन्स्की लाकूड कापणारा मजूर बनून हिंडला. शेतकऱ्यांशी बोलताना तो शुभवर्तमानाचा आधार घेई. शेतकरी ऐकून घेत; पण झार हा आपला बापच, वाईट ते जमीनदार आणि अंमलदार, ही त्यांची श्रद्धा ढळेना. पुढे धरपकड झाली आणि १८७७-७८ मध्ये १९३ जणांवर खटला चालला.

या इतिहासातील मनाला सर्वांत टोचणारे प्रकरण मात्र युक्रेनमधील चिगिरीनचे आहे. तेथील शेतकरी जमिनीच्या वाटपावरून आधीच संतप्त होते. याकोव स्तेफानोविच याने झारच्या नावाने एक बनावट सनद तयार केली. सरदार-उमराव आपले ऐकत नाहीत, तेव्हा प्रजेनेच गुप्तपणे संघटित व्हावे, असा तिचा आशय. सुमारे हजार शेतकऱ्यांनी शपथ घेतली. १८७७ मध्ये गुपित फुटले. स्तेफानोविच तुरुंगातून निसटला. शेतकऱ्यांच्या वाट्याला शिक्षा आल्या. ज्यांच्या अज्ञानाविषयी कळवळा होता, त्याच अज्ञानाचा हा वापर! चळवळीतील कित्येकांनाही तो रुचला नाही.

१८७९ मध्ये संघटना दुभंगली. ‘नारोदनाया वोल्या’ या गटाने शस्त्राचा मार्ग धरला आणि १ मार्च १८८१ रोजी (जुन्या रशियन पंचांगानुसार) झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बहल्ल्यात मारला गेला. न्यायालयात आंद्रेई झेल्याबोव म्हणाला, की ऑर्थोडॉक्स पंथ आपण नाकारतो, परंतु येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीचे सार मानतो. शेजारी सोफिया पेरोव्स्काया होती, एका माजी गव्हर्नरची कन्या. पाच जण फासावर गेले.

खेड्यांत मात्र निराळीच वदंता पसरली: भूदासांना मुक्त करणाऱ्या झारचा जमीनदारांनी सूड घेतला.