प्रशिक्षक ते व्यवस्थापक : आर्मांदो कोलासो यांची कारकीर्द

फुटबॉलच्या इतिहासात प्रशिक्षक आणि व्यवस्थापक ही दोन पदे भिन्न मानावी लागतात. पहिला खेळ शिकवितो. दुसरा संघ घडवितो आणि पराभवाचे उत्तरदायित्वही स्वीकारतो. इंग्लंडात हर्बर्ट चॅपमन यांनी १९२१ ते १९३४ या काळात, प्रथम हडर्सफील्ड व नंतर आर्सेनल या क्लबांत, दुसऱ्या पदास प्रतिष्ठा मिळवून दिली. भारतात मात्र क्लबची सूत्रे बहुधा पदाधिकाऱ्यांच्या हाती राहिली आणि प्रशिक्षकाची नेमणूक एक-दोन हंगामांपुरतीच होत गेली. या रूढीस गोमंतकात घडलेला ठळक अपवाद म्हणजे आर्मांदो कोलासो होत.

धेंपो स्पोर्ट्स क्लबची धुरा त्यांनी २००० ते २०१३ अशी तेरा वर्षे वाहिली. त्यांचे पद नावाने प्रशिक्षकाचे असले, तरी इतक्या अवधीत संघाची जडणघडणच त्यांच्या हाती आली. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोमंतकीय फळी आणि तिच्या जोडीस रँटी मार्टिन्स व बेटो हे परदेशी खेळाडू, अशी ती रचना होती. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात क्रिस्तियानो ज्युनिअर हा ब्राझिलियन खेळाडू मैदानावरच कोसळून मृत्यू पावला. चषक धेंपोने जिंकला; परंतु त्या आघातातून संघास सावरणे हे केवळ डावपेचांचे काम नव्हते. त्याच हंगामात, २००४-०५ मध्ये, धेंपोने राष्ट्रीय लीगही जिंकली. पुढे २००६-०७ मध्ये राष्ट्रीय लीग आणि २००७-०८, २००९-१० व २०११-१२ मध्ये आय-लीग अशी आणखी चार विजेतेपदे मिळाली. २००८ साली संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

हे यश व्यक्तीचे की व्यवस्थेचे, याचा निर्णय कोलासो यांच्या इतर नेमणुकांवरून करता येतो. २०११ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे काही महिनेच राहिले. ईस्ट बंगालला त्यांनी २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये उपविजेतेपद मिळवून दिले, तरी फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. इकडे धेंपोची २०१५ मध्ये आय-लीगमधून पदावनती झाली. एकमेकांपासून विलग झाल्यावर दोघांनाही पूर्वीचे यश लाभले नाही. यावरून या यशाचे मूळ मालकाचा विश्वास आणि प्रशिक्षकाचा दीर्घ अधिकार यांच्या संयोगात होते, असे अनुमान निघते.

२०२४ सालच्या जीवनगौरव द्रोणाचार्य पुरस्काराने शासनाने कोलासो यांचा गुरू म्हणून गौरव केला. इतिहासाने त्यांची नोंद संघाचे शिल्पकार म्हणूनही करावयास हवी.