खेळ खेळणारी आणि खेळ रचणारी

मुंबईच्या आय. आय. टी. चे वर्ग १९५८ साली वरळीला सुरू झाले. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईला कोनशिला बसविली, आणि पुढे सोव्हिएत मदतीतून 'मिन्स्क' जातीचा संगणक तेथे आला. खोलीभर पसरलेल्या त्या यंत्राजवळ कामगाराच्या पोराने फिरकण्याचा प्रश्नच नव्हता. आम्हां चळवळीतल्या माणसांच्या लेखी तर संगणक म्हणजे नोकरकपात. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रीकरणाचा करार केला, तोही यंत्रे किती आणि कोठे याची घासाघीस करूनच. त्या भीतीत तथ्य होते. पण आमच्या पोरांनी हे यंत्र चालवायला शिकावे, असा ठराव कोणी मांडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तिकडे अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ सालीच मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली होती. संगणकाने मुलाला पढवू नये, मुलाने संगणकाला शिकवावे, हा पॅपर्ट यांचा आग्रह. त्याच विचारातून २००७ साली 'स्क्रॅच' निघाले, तेही फुकट. पवईच्या आय. आय. टी. तील प्रा. श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी शाळांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तके रचली, त्यांत स्क्रॅच घेतले.

स्क्रॅचवर चेंडूफळीचा खेळ रचणारे पोर काय शिकते? पडदा ४८० मापे रुंद, ३६० उंच, आणि शून्य मधोमध. चेंडू मध्याच्या डावीकडे न्यायचा तर वजा अंक लागतात. शाळेच्या फळ्यावर नकोसा वाटणारा उणे चाळीस येथे कामाला येतो. चेंडू फळीला लागला तर मागे फिरव आणि गुण वाढव, ही अट स्वतः मांडावी लागते. ती चुकली की चेंडू फळीतून आरपार जातो, आणि दोष यंत्रावर ढकलता येत नाही. फिटरकडची उमेदवारी अशीच असते. जॉब बिघडवल्यावाचून हात बसत नाही. येथे मात्र बिघडलेल्या कामाचे भंगार होत नाही आणि फोरमन ओरडत नाही. (यांतील दुसरी गोष्ट आमच्या काही जुन्या कारागिरांना उणीवच वाटेल!)

आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. परवा एका सभासदाची मुलगी त्यावर बसून, चेंडू आरपार का जातो हे शोधीत होती. सभेची वेळ झाली तरी उठेना. शेवटी सभा आम्ही बाहेर ओट्यावर घेतली.