ताशी सायकल आणि शेजारचा रेडिओ

मोटरसायकल, चांगला कॅमेरा किंवा महागडी गिटार घ्यायला निघालेल्या पंचविशीतल्या मुलाला घरातली वडीलधारी माणसं एक वाक्य हमखास ऐकवतात: आमच्या वेळी पैसे साठल्याशिवाय हौशीच्या वस्तूला कोणी हात लावत नसे. वाक्य खोटं नाही. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय आणि कामगार घरांत सायकल, रेडिओ, ग्रामोफोन, पुढे टीव्ही या वस्तू खरोखरच वर्षानुवर्षं लांबणीवर पडत. पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, की तेव्हाच्या तरुणांचा संयम मोठा होता आणि आताच्यांचा आटला आहे, तो मात्र तपासून घ्यावा लागेल. अडचण अशी की खरेदीची पावती मागे उरते, खरेदी न केलेल्या वर्षांची पावती कुठेच नसते. त्यामुळे वाट पाहण्याच्या त्या काळात तो तरुण नेमका काय करत होता, हे कोणी विचारत नाही. विचारलं, तर उत्तर असं मिळतं की तो ती हौस भागवतच होता. भाड्याने, शेजारी, हॉटेलात, चौकात. लांबणीवर पडायची ती मालकी.

सायकलीचंच बघा. स्वातंत्र्याआधी चांगली सायकल म्हणजे विलायती: रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस. देशी कारखानदारीने जोर धरला तो नंतर. मद्रासकडे टीआय सायकल्स १९४९ मध्ये निघाली, सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये. तरीही कारकुनाच्या किंवा गिरणी कामगाराच्या पगारात नवी सायकल ही एका महिन्यात उरकणारी बाब नव्हती, आणि घेतल्यावरही खर्च थांबत नसे. नगरपालिकेचा कर भरून बिल्ला लावायचा, रात्री दिवा हवा, डबलसीट सापडलात तर पोलिसाशी गाठ. पुणं सायकलींचं शहर म्हणून मिरवत असे, ते घरोघरी प्रत्येकाच्या मालकीची सायकल होती म्हणून नव्हे. पेठापेठांतून भाड्याने सायकल देणारी दुकानं होती. सांगली, कोल्हापूर, नाशिकलाही ती होती. मडगार्डवर दुकानाचं नाव आणि नंबर रंगवलेला असे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई. भाडं ताशी, आधी आण्यांत आणि मग पैशांत. पोरांसाठी बुटक्या सायकली वेगळ्या ठेवलेल्या. अनोळखी माणसाला सायकल सहसा मिळत नसे, त्यासाठी वाडा सांगावा लागे, वडिलांचं नाव सांगावं लागे. एवढं झालं की सुटीच्या दिवशी एक तास पर्वतीपर्यंत रपेट मारून येता येई. रोज कारखान्यात जाणाऱ्याला ही सोय पुरणारी नव्हती, त्याला सायकल विकतच घ्यावी लागे. पण ज्याला निव्वळ मजा हवी होती त्याला तासाभराच्या भाड्यात बहुतेक सगळी मजा मिळत होती. असा मुलगा दोन-तीन वर्षं सायकल घेत नाही, याला त्याग म्हणणं जरा जास्तच होईल.

रेडिओच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं तेव्हा संच महाग होताच, वर सरकारी परवाना वर्षाला १० रुपयांचा. टपाल कचेरीत जाऊन हा परवाना दरसाल नवा करण्याची कटकट श्रोत्यांच्या मागे पुढे पन्नासहून अधिक वर्षं होती, १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत. म्हणजे रेडिओ घेणं ही एकदाच करायची खरेदी नव्हती, ती दरवर्षीची बांधिलकी होती. तरीसुद्धा रेडिओ ऐकणाऱ्यांची संख्या परवान्यांच्या संख्येवरून काढायला गेलात तर फसाल. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाड यांच्या पुढाकारातून आलेली ही कल्पना, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि ५६ गीतं वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक अशी. त्या वेळेला ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओटीवर आळी जमायची, हे त्या पिढीने इतक्या ठिकाणी सांगितलं-लिहिलं आहे की त्यावर शंका घेण्याचं कारण नाही. गावाकडे तर सरकारनेच एकत्र ऐकण्याची घडी बसवली. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळं चालवली. ठरलेल्या दिवशी लोक जमत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यासही केला. शेतीच्या माहितीसाठी मांडलेला हा खटाटोप असला तरी घरात संच नसलेल्या गावकऱ्याला रेडिओ परका राहिला नाही. शहरात ते काम इराण्याच्या हॉटेलाने केलं. एक चहा घेऊन गाणी ऐकत किती वेळ बसायचं याला काही नियम नव्हता. फार तर पाटी असे, आणि ती कोणी मनावर घेत नसे.

साठवण्याची पद्धतही एकट्याची नव्हती. टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासून आहे. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला आणि नोकरदारांच्या पतपेढ्या त्यातून वाढल्या, जिथे वर्गणी पगारातूनच कापली जाई. पण तरुणाच्या हौशीला खरी उपयोगी पडली ती भिशी. बारा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम टाकायची, चिठ्ठी निघेल त्याने सगळी उचलायची. काही ठिकाणी चिठ्ठीऐवजी बोली लागते आणि ज्याला घाई जास्त तो कमी रकमेवर उचलतो. तिला आपण बचत म्हणतो, पण हिशेब नीट मांडला तर पहिल्या महिन्यात भिशी उचलणारा चक्क कर्जदार असतो आणि शेवटच्या महिन्यात उचलणारा ठेवीदार. मधल्या दहा जणांत दोन्ही थोडं थोडं. म्हणजे आधी साठवा आणि मग घ्या, असं सांगणाऱ्या पिढीच्या घरातले कित्येक रेडिओ आणि शिलाईयंत्रं बिनव्याजी कर्जावर आलेली आहेत, फक्त त्या कर्जाला कोणी कर्ज म्हणत नव्हतं. हप्ता चुकवला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हीच वसुलीची यंत्रणा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं टंचाईचं राज्य होतं. वस्तूच मिळत नव्हती, मग लोक थांबणार नाहीत तर काय करतील? स्कूटरच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. बजाज ऑटोला १९५९ मध्ये स्कूटर बनवण्याचा परवाना मिळाला, १९७२ मध्ये चेतक आली, पण किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत होतं आणि नंबर लावून लोक वर्षानुवर्षं बसून होते. काही जण दहा-दहा वर्षं. नोंदणीचा कागद हीच एक मालमत्ता झाली होती आणि हातात आलेली नवी गाडी छापील किमतीपेक्षा चढ्या भावाने विकता येत असे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला रांग चुकवता येई. मात्र स्कूटर आणि रेडिओ यांच्यातला फरकच माझ्या मुद्द्याच्या बाजूने बोलतो. स्कूटर ताशी भाड्याने मिळत नव्हती, ओटीवर बसून दहा जणांना वापरता येत नव्हती. म्हणून तिची वाट पाहणं लोकांना बोचलं, त्यातून काळाबाजार झाला, आणि १९७२ मध्येच फिरोदियांची लूना ही मोपेड आली तेव्हा कित्येकांनी स्कूटरचा नाद तात्पुरता सोडून तिच्यावर समाधान मानलं. सायकलीच्या किंवा रेडिओच्या प्रतीक्षेतून असा काळाबाजार उभा राहिल्याचं दिसत नाही. टंचाईने माणूस थांबतो हे खरं, पण तो शांतपणे थांबतो की कडवट होऊन, हे मधल्या काळात त्याच्या हाताला काय लागतं त्यावर ठरतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ओटीवरचा रेडिओ आणि इराण्याचं हॉटेल सर्वांसाठी सारखं खुलं नव्हतं. कोणाच्या ओटीवर कोणी बसायचं हे जात ठरवत होती. हॉटेलात चहाचा कप पुढ्यात ठेवून गाणी ऐकत बसणारा पुरुषच असे. तिथे बाई एकटी बसलेली दिसणं दुर्मीळ. सायकलच्या दुकानदाराला वडिलांचं नाव सांगायचं, तर ते नाव त्याला चालणारं हवं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यावर रविवारच्या चित्रपटाला शेजाऱ्याच्या दारात दाटीने बसणारी पोरं आणि मध्येच बंद झालेलं दार, हा त्या काळाचा दुसरा चेहरा आहे, आणि आठवणींच्या लेखांत तो सहसा पुसला जातो. हा आक्षेप मला मान्य आहे. उसनं सुख ज्याला अपमानाच्या भावाने घ्यावं लागलं त्याने आधी कर्ज काढून वस्तू घरात आणली, तर त्यात उधळेपणा शोधण्यात अर्थ नाही. बाईसाठी घरातला रेडिओ चैनीपेक्षा जास्त होता. दुपारचा वनितामंडळ हा बायकांचा कार्यक्रम तिला दुसऱ्या कोणाच्या ओटीवर ऐकता आला नसता. तेव्हा संयम कोणाला परवडत होता, हा प्रश्न इथेही येतोच. उत्तर बहुतेक वेळा असं की ज्याला दारात जाऊन बसता येत होतं त्याला.

ही एकत्र उसनवारी हळूहळू विरली. ट्रान्झिस्टरने रेडिओ खिशात आणि खांद्यावर आणला. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणून चाळीत तीन-तीन चित्रपट पाहणं हा बहुधा एकत्र उसनवारीचा शेवटचा मोठा सोहळा. नंतर केबल घराघरांत आली, मग मोबाइल. आज कोणी म्हणेल की उलट आता तर करमणूक जवळपास फुकट आहे, मग तरुणाला थांबायला कसली अडचण? मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. गाणी आणि चित्रपट स्वस्त झाले तसा हौशीचा ओढा जे पडद्यावर मिळत नाही त्याकडे गेला: घाटातली मोटरसायकल, लेह-लडाखची सफर, लांब भिंगाचा कॅमेरा. या गोष्टी शेजाऱ्याकडे बसून अनुभवता येत नाहीत. आणि थांबू नये म्हणून दुकानात शून्य टक्के हप्ता उभा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजना बंद करायला सांगितलं, कारण व्याज कुठेतरी दडवलेलं असतंच. तरी वेगळ्या नावाखाली हप्ते चालूच राहिले. अशा बाजारात जो मुलगा मोटरसायकल दोन वर्षं पुढे ढकलतो त्याच्याकडे त्या दोन वर्षांत दाखवायला फारसं काही नसतं. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवणारी भाड्याची दुचाकी हाच काय तो अपवाद, पण ती सुटीपुरती. त्याच्या संयमाची किंमत त्याच्या आजोबांच्या संयमापेक्षा जास्त आहे, असं मला वाटतं. घरात मात्र माप उलटं लावलं जातं.

भाड्याची सायकल परत आणायचा एक प्रयत्न पुण्यात झाला. २०१७ च्या अखेरीस महापालिकेच्या पुढाकाराने ॲपवर उघडणाऱ्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यांवर आल्या. कुलूप मोबाइलने सुटे, भाडं जुन्या दुकानांसारखंच चिल्लरीत. नाव-गाव विचारणारं कोणी नव्हतं, वही नव्हती, कोणाच्या वडिलांना ओळखणारा दुकानदार नव्हता. काही सायकली मोडल्या गेल्या, काही नाल्यांत सापडल्या, आणि एक-दोन वर्षांतच त्या दिसेनाशा झाल्या.