माळवदाचे घर

मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम येथील एक प्रसंग आहे. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला घेऊन येतात. गर्दीमुळे दारातून वाट मिळत नाही, तेव्हा ते छप्पर उकरून त्याला खाटेसह प्रभूसमोर खाली सोडतात. कौलारू घरात वाढलेल्या वाचकाला हे उकरणे कोड्यात टाकते. मराठवाड्यातील भाविकाला मात्र त्याचे नवल वाटत नाही. ते छप्पर म्हणजे त्याच्या आजोबांच्या घराचे माळवदच होय.

लातूर, धाराशिव आणि नांदेड जिल्ह्यांतील जुनी शेतकरी घरे याच जातीची. भिंती काळ्या दगडाच्या, दगड बसवलेले मातीत, रुंदी दोन हातांच्या आसपास. रस्त्याच्या अंगास एकच भक्कम दरवाजा. आत ढेळज, मग अंगण आणि ओसरी. बाहेरच्या भिंतीला खिडकी क्वचितच. उजेड येई तो माळवदातल्या साण्यातून. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा किलचा, आणि सर्वांवर पांढरीच्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधील जागेस खण म्हणत आणि घराचा मोठेपणा खणांवर मोजीत. बेताचा पाऊस आणि कडक उन्हाळा असलेल्या या मुलखात अशा घरातील गारवा हे मोठेच सुख होते.

त्या सुखाच्या पोटात एक धोकाही वाढत होता. गळती लागली की पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकायची, ही रीत. जुनी माती काढली जात नसे. पिढ्यान् पिढ्या माळवद जड होत गेले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराची भूमी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे ८ हजार माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांचा जीव त्यांच्याच घराने घेतला.

असे का व्हावे? जाड दिसणारी भिंत वस्तुतः दोन भिंती होत्या. आत एक, बाहेर एक, मधे चिपा आणि माती. दोहोंना सांधणारे आरपार दगड बहुधा घातलेले नव्हते. हादरा बसताच दोन्ही अंगे फुगून विलग झाली. जेथे कड्या थेट भिंतीवर टेकल्या होत्या तेथे भिंतीमागोमाग माळवद कोसळले. उलट, जेथे खणांचा सांगाडा नीट जोडलेला होता तेथे अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खांब-तुळया उभ्या राहिल्या. लाकूड महाग झाल्यावर खांब वाचवण्याची पाळी गरिबावरच प्रथम येते, हे येथे विसरता येत नाही.

तेव्हा कोणी हा देवाचा कोप म्हटले, कोणी पापाचे फळ. आम्हा धर्मगुरूंनाही हा प्रश्न विचारला गेला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हा प्रभू येशूने असा हिशेब मांडण्यास साफ नकार दिला होता. मृत माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती. किल्लारीची माणसेही नव्हती.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. भूकंपाच्या नकाशात सर्वांत सुरक्षित पट्ट्यात धरलेला हा भाग २००२ मध्ये तिसऱ्या क्षेत्रात घातला गेला. सरळ रेषेतील नव्या वस्तीत ढेळज नाही, बळद नाही, म्हाताऱ्यांची बसण्याची ओसरी नाही. म्हणून जुन्या घराची आठवण निघते. ती निघावी, पण ती आंधळी नसावी.

दगडाला आणि मातीला दोष देऊन आपण सुटत नाही. आजही अनेक गावांत माळवदे उभी आहेत. त्यांवरील जादा माती उतरवणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, खण पक्के बांधणे ही कामे गवंड्याला व सुताराला जमणारी आहेत. नव्या घराच्या धाब्याला कठडा घाला, म्हणजे कोणी पडून रक्ताचा दोष घरावर येणार नाही, अशी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. शेजाऱ्यावरील प्रेमाची आज्ञा तेथे बांधकामाच्या नियमाचे रूप घेते. ज्याच्या घरी आजही माळवद आहे, त्याने येत्या पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवावी. तीही प्रार्थनाच होय.